देवकर मॅडमना मी दिलेलं कारण

देवकर मॅडमचं नाव निघालं की मी विषय बदलतो. जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी ना कुणी ते काढतंच — काय शिकवायच्या हो त्या! — आणि मी चहा सांगतो, फोन बघतो, कुणाच्या तरी मुलाच्या बारावीची चौकशी करतो. इतकी वर्षं हे चाललंय आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. बायकोला माहीत नाही. तिला एवढंच आठवतं, की त्या काळात मी घरी येऊन फार चिडचिड करायचो. कशावर, असं तिनं विचारलंही होतं. मी ते लोडशेडिंगवर ढकललं. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मॅडमना ओळखत नाही, म्हणून असेल.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. लवळ्याच्या डोंगरावर एका विद्यापीठात मी कॉम्प्युटर शिकवायचो. बायकोची नोकरी हिंजवडीला, म्हणून राहायला जांब्यात भाड्यानं. रोज माण, चांदे, नांदे करत मोटारसायकलवरून डोंगर चढायचा. आमचे डायरेक्टर सर एका मोठ्या कंपनीतून आलेले. नव्या तंत्रज्ञानानं शिकवण्याचा दर्जा वाढवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं आणि ते काम माझ्या गळ्यात टाकलं. — बघा, ही पण लबाडीच. गळ्यात कसलं टाकलं? मला ते मिळावं म्हणून मी त्यांच्या केबिनबाहेर ताटकळत उभा राहिलो होतो.

प्रोजेक्टर आले, पडदे आले, सर्व्हर आला, हँडीकॅम आला. दर्जा काही येईना. वीज जायची. वीज असली, तर खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई रजेवर. किल्ली मिळाली, तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधला व्हायरस साऱ्या मशीनवर पसरलेला. आणि चुकून सगळं जमून आलंच, तर आमचे प्राध्यापक पुस्तकातली पानंच्या पानं स्लाइडवर उतरवून, मुलांकडे पाठ करून, ती मोठ्यानं वाचायचे. दिवे बंद, पंखे चालू. मुलं गाढ झोपायची. मी कार्यशाळा घेतल्या, हातापाया पडलो, भांडलो. स्टाफरूममध्ये माझं नाव निघालं की लोक हसतात, हे मला कळत होतं. इतकी यंत्रं आणून बसवली आणि एकाही मुलाला एखादी गोष्ट जास्त कळलेली नाही — हे मला रोज दिसत होतं, आणि रोज मी घरी जाऊन कुणावर तरी ओरडत होतो.

देवकर मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या. घोटावड्याच्या सून. सासरी भातशेती, नवरा पिरंगुटच्या कारखान्यात कामाला. एम.एस्सी. झालेल्या, पण नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितक्यांचं मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावलं तर बोलावलं. स्कूटीवरून यायच्या. तोंडानं फटकळ. माझा पडदा फळ्यावर येतो म्हणून त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं झालं ते भांडणातच. ‘तुमचा सिनेमा वर घ्या आधी,’ म्हणाल्या, ‘मला फळा लागतो.’

एकदा त्यांच्या वर्गामागच्या खोलीत मी वायरी तपासत बसलो होतो. पलीकडून त्यांचा आवाज येत होता. इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य त्यांनी वाचलं आणि मग आपल्या भाषेत सुरू झाल्या.

‘हे बघा. फाट्यावर दोन सहा आसनी रिक्षा हायेत. दोन्हींची वाट सरासरी दहा मिनिटं बघावी लागती. पण एक रोज दहाव्या मिनिटाच्या आसपास येतीच. दुसरी कधी दोन मिनिटांत, तर कधी अठरा मिनिटं पत्त्या न्हाई. परीक्षेच्या दिवशी कुणाच्या भरवशावर घरनं निघाल? सरासरी तर सारखीच हाय की! मग फरक कशात हाय? तो फरक मोजायचा, त्याला म्हणायचं स्टँडर्ड डेव्हिएशन.’

मग थांबल्या. कुणाचा तरी चेहरा पाहिला असणार. ‘तुला न्हाई कळलं. उगं मान हलवू नको. दुसऱ्या रीतीनं सांगते.’

मी परभणीकडचा. बारावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि पुण्यात इंजिनीअरिंगला आल्यावर पहिलं अख्खं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. प्रश्न डोक्यात यायचे आणि इंग्रजी शब्द जुळवेपर्यंत तास संपायचा. एकदा जुळवून विचारला, तर सर म्हणाले, ‘आधी वाक्य शिका.’ तो हशा मला अजून ऐकू येतो. मॅडमच्या वर्गात निम्मी मुलं माझ्यासारखीच होती — पाथर्डीची, उमरग्याची, जिंतूरची. ती इथं हात वर करून विचारत होती. वायर हातात धरून मी तो तास शेवटपर्यंत ऐकला. हे मुद्दाम सांगतोय. मला त्यांची किंमत कळत नव्हती, असं तुम्ही समजू नये.

मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, मॅडम, तुमचे सगळे तास रेकॉर्ड करू. सर्व्हरवर ठेवू. ज्याला कळलं नाही, तो पुन्हा बघेल. ज्याला वर्गात विचारायची लाज वाटते, तो हॉस्टेलवर बसून बघेल. यात वाईट काय होतं? आजही मला यात काही वाईट दिसत नाही. त्या मात्र राजी होईनात.

‘सर, डब्याकडं बघून काय शिकवायचं? त्याला कळलं का न्हाई, ते मला कसं कळायचं?’

तेव्हा मी पुढचं वाक्य बोललो. ‘मॅडम, हे एकदा झालं ना, की तुम्हाला कायम करायला संस्थेला नाही म्हणताच येणार नाही.’

त्यांनी ते मागितलेलं नव्हतं. मी आपणहून दिलं.

सुरुवातीला रिकाम्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. अगदी वाईट झालं. कॅमेऱ्याकडे बघून त्या सरकारी पत्रक वाचल्यासारखं बोलायला लागल्या. मग पुढच्या बाकांवर चार मुलं आणून बसवली आणि त्या सुटल्या. बाहेर नव्या हॉस्टेलसाठी डंपर चढायचे, त्यांचा आवाज यायचा. तो जाईपर्यंत त्या हात वर करून थांबायच्या आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुढं सुरू करायच्या. स्वतःला पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, ‘अगं बाई! मी एवढे हातवारे करते व्हय?’ मग त्यांना गोडीच लागली. एखादा तास मनासारखा झाला नाही, तर मीच दमून जायचो आणि त्या म्हणायच्या, ‘पुन्हा घ्या, सर. हे पोरं कायमचं बघणार हायेत.’ कॅमेऱ्यात गडद रंग बरा दिसतो, असं मी सहज बोललो, तर त्यासाठी नवी साडी घेऊन आल्या.

एका शनिवारी सासूबाईंना लॅब दाखवायला घेऊन आल्या. म्हातारी पडद्यावरच्या सुनेकडं आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं आळीपाळीनं बघत राहिली. ‘आता ही हितंच कायम व्हनार म्हना की,’ म्हणाली. मी हसून मान डोलावली.

इथवर सांगणं सोपं आहे. इथून पुढचं मी स्वतःलासुद्धा निरनिराळ्या प्रकारे सांगत आलोय. पहिला प्रकार असा — रेकॉर्डिंग पूर्ण झालं, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात मॅडमचं नाव नव्हतं, तो निर्णय डायरेक्टर सरांचा होता, आणि मी बोलायला हवं होतं ते बोललो नाही. भित्रा होतो, एवढंच. भित्रेपणा काय, सगळ्यांकडे थोडाफार असतो. नाही का?

पण ते खरं नाही.

रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी डायरेक्टर सरांनी मला बोलावून घेतलं होतं. ‘भालेराव, इतका खर्च केला. यातून संस्थेला मिळालं काय?’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. कुलूपबंद खोल्या आणि झोपलेली मुलं — ही का दाखवणार? तेव्हा मी त्यांच्यापुढं एक स्लाइड ठेवली. एकदा उत्तम तास रेकॉर्ड झाले, की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची दरवर्षी गरज उरणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. रागाच्या भरात बोलून गेलो, असंही म्हणता येणार नाही. स्लाइड मी घरून तयार करून नेली होती. अक्षरांचा रंगसुद्धा दोनदा बदलला होता. सुरुवात कुठल्या विषयापासून करायची, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, संख्याशास्त्र.

तोच विषय का? कारण रेकॉर्ड करण्यासारखं शिकवणाऱ्या आमच्याकडे त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांचं कुणी पाहिलंच नसतं. डायरेक्टर सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. नव्या तंत्रज्ञानाच्या या कामाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक पक्की झाली.

म्हणजे मॅडमना कायम होण्याचं आमिष दाखवलं, सासूबाईंपुढं मान डोलावली, तेव्हा मला माहीत होतं. त्या ‘पुन्हा घ्या, सर’ म्हणायच्या, तेव्हाही माहीत होतं. कॅमेरा मीच धरलेला होता.

आणि तरीही — मला जे सांगायचंय, ते हेसुद्धा नाही. बघा, अजून मी गोल गोलच फिरतोय.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधी त्या लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘सर, टाइमटेबलात माझं नावच न्हाई. चुकून ऱ्हायलं का?’

रेकॉर्डिंग आहे म्हणून तुम्हाला बोलावलं नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. पण त्या हुशार होत्या. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, असा पुढचाच प्रश्न आला असता. त्या सरळ डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये घुसल्या असत्या आणि तिथं त्यांना माझं नाव ऐकायला मिळालं असतं. मला असं कारण हवं होतं, की जे ऐकून त्या भांडायला जाणार नाहीत. ऐकून ज्याची लाज वाटेल, असं. आणि तसलं कारण शोधायला मला मुळीच वेळ लागला नाही. मराठीतून शिकून आलेल्या माणसाला कुठं दुखतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी खुर्ची पुढं सरकवली. आवाज खाली आणला, आपलं माणूस बोलतं तसा. म्हणालो, ‘मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. समितीनं तुमची रेकॉर्डिंग पाहिली. तुमचं इंग्रजी त्यांना कमी वाटलं.’

समिती नव्हती. कुणी काही पाहिलं नव्हतं.

पडद्यापासून उपस्थितीपर्यंत कशावरही भांडणारी ती बाई त्या दिवशी भांडली नाही. खुर्चीवर बसलीही नाही. स्कूटीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. मग म्हणाली, ‘व्हय. ते तर हायेच.’ आणि गेली.

त्या वर्षी मुलांना मॅडम पडद्यावर दाखवल्या. दर्जा वाढला का? नव्या वर्गाला मी स्वतः पहिला तास लावून दिला. रिक्षांचं उदाहरण आलं, मुलं हसली, मला बरं वाटलं. मग पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, ‘कळलं का?’ आणि त्या थांबल्या. त्यांच्यासमोर तेव्हा बसलेल्या चार मुलांपैकी कुणाकडे तरी त्या बघत होत्या. इकडे साठेक मुलं त्या बघण्यापुढं गप्प बसून राहिली. मागून एक मुलगी म्हणाली, ‘नाही कळलं, मॅडम.’ सगळा वर्ग हसला. मॅडम पडद्यावर म्हणाल्या, ‘शाबास. चला पुढं.’

मी यंत्र बंद केलं नाही. पुढचे तास लावायला शिपायाला सांगितलं आणि त्या वर्गात पुन्हा गेलो नाही. हळूहळू मुलंही जायची बंद झाली. अहवालात मात्र मी तो प्रयोग यशस्वी झाल्याचं कळवलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तरी मी कदाचित हे विसरलो असतो. माणूस विसरतो. पण वर्षा-दीड वर्षानं संख्याशास्त्राच्या पूर्ण वेळ जागेची जाहिरात निघाली. रेकॉर्डिंगवर भागत नाही, हे तोवर सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. अर्ज करणाऱ्यांत देवकर मॅडम होत्या, आणि निवड करणाऱ्यांत मी.

मुलाखतीच्या दिवशी त्या बाहेर बसल्या होत्या, मला बघून उठल्या. म्हणाल्या, पिरंगुटला इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लावला होता, कॉलेजच्या पोरापोरींबरोबर बसून पूर्ण केला. ‘आता बघा तुमी,’ म्हणाल्या. हातात पेनड्राइव्ह होता. मला आवडेल म्हणून त्यांनी स्लाइडसुद्धा केल्या होत्या.

आत येऊन त्यांनी शिकवायला घेतलं. तोच विषय, स्टँडर्ड डेव्हिएशन. अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत, अथपासून इतिपर्यंत पाठ केलेलं. आमच्याकडे पाठ, पडद्याकडे तोंड. जे वर्गावर्गात मोडून काढायला मी दोन वर्षं डोकं फोडलं होतं, नेमकं तेच त्या करत होत्या — आणि ते चांगलं, असं त्यांना वाटत होतं. मी रिक्षांची वाट बघत होतो. रिक्षा आल्याच नाहीत.

डायरेक्टर सरांनी मध्येच एक साधा प्रश्न टाकला. मॅडमना तो कळला. मी त्यांचा चेहरा पाहिला — प्रश्न कळला होता, उत्तर आलं होतं, मराठीत ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि इंग्रजी शब्द शोधायला लागल्या. खोलीत कुणीच बोलेना. ती शांतता मला पाठ होती. त्या शांततेत मी एक अख्खं वर्ष काढलेलं होतं.

त्या बाहेर गेल्यावर डायरेक्टर सर माझ्याकडे वळले. ‘तुम्ही ओळखता ना यांना? काय वाटतं?’

बाईंची रेकॉर्डिंग त्याच इमारतीत, माझ्याच सर्व्हरवर होती. पाच मिनिटांचा तुकडा लावला असता, तरी पुरे होता. पण मग कुणी ना कुणी विचारलं असतं — अहो, इतकं चांगलं शिकवतात, तर यांना काढलं का?

मी म्हणालो, ‘इंग्रजी कमी पडतं.’

या वेळी ते खोटं नव्हतं. मीच ते खरं करून ठेवलं होतं.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्यांचं काय झालं, असं मी कुणाला विचारलं नाही. घोटावडे-पिरंगुटकडचा रस्ताही टाळायला लागलो. पण मुळशीत राहून पिरंगुट किती दिवस टाळणार? दोन हजार दहाच्या आसपास तिथल्या चौकात औषधाच्या दुकानातून बाहेर पडलो, तर समोर मॅडम. बरोबर त्यांची मुलगी, गळ्यात टाय, इंग्रजी शाळेचा गणवेश. मला चुकवता आलं नाही. त्यांना तर चुकवायचंच नव्हतं; मनापासून आनंद झाला त्यांना.

शिकवणं सोडलं, म्हणाल्या. एका शाळेत विचारत होते, पण जीवच होईना. वर्गापुढं उभं राहिलं की वाटतं, आपण चुकीचं बोलतोय. घरच्या जागेत खोल्या बांधल्यात, कारखान्यातली पोरं भाड्यानं राहतात, त्यांचं बघते. मुलीच्या अभ्यासाचं काय, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

‘घेते ना. पण अभ्यासाचं मराठीत बोलायचंच न्हाई, असं ठरवलंय. मला इंग्रजीत येत न्हाई, तितं मी गप बसते. हिचं माझ्यावानी व्हायला नको.’

मी घड्याळात बघितलं. निघायला वळलो, तर त्यांनी हाक मारली.

‘सर, एक सांगायचं राहून गेलं. तुमी त्या वेळी तोंडावर खरं सांगितलंत. दुसऱ्या कुणी नुसतं गोड बोलून वाटेला लावलं असतं. माझं न्हाई जमलं, ते जाऊ द्या. पण हिच्या बाबतीत मी येळेवर जागी झाले, ते तुमच्यामुळं.’ मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘सरांना थँक यू म्हण.’

‘थँक यू, सर,’ मुलगी म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘वेलकम.’